तिरक्या वाटेचा राजा

जॉर्जियातल्या बाटुमी शहरात २८ जुलै २०२५ रोजी नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुखने बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. समोर होती कोनेरू हम्पी, दिव्याच्या जन्माआधीच, २००२मध्ये, ग्रँडमास्टर झालेली. दोन्ही मोठे डाव बरोबरीत सुटले, जलद डावांपैकी पहिलाही बरोबरीत, आणि दुसऱ्यात काळ्या मोहऱ्यांनी दिव्याने बाजी मारली. ग्रँडमास्टरपदासाठी लागणारा एकही नॉर्म गाठीशी नसताना ती थेट ग्रँडमास्टर झाली. या साऱ्या वैभवात मला मोह पडतो तो तिच्या नंतरच्या सहज बोलण्याचा: आपल्याला अजून एंडगेम, म्हणजे डावांचे शेवट, शिकायला हवेत, असे ही नवी विजेती म्हणाली!

मग आपणही तेच शिकू या. त्यासाठी आपले पाथर्डी सोडून पुण्या-मुंबईला शिकवणी लावायला नको. आपल्याच जिल्ह्यातला शार्दूल गागरे ग्रँडमास्टर झाला आहेच, आणि आता मोबाइलवर लायचेससारखे मोफत, जाहिरातींविना चालणारे पटही हाताशी आहेत. पण आजच्या रसपानाला घरातला जुना पट आणि चार मोहरे पुरेत. पांढरा राजा एच८ या कोपऱ्यातल्या घरात, पांढरे प्यादे सी६वर; काळा राजा ए६वर, काळे प्यादे एच५वर. खेळी पांढऱ्याची, आणि मागणे केवळ बरोबरीचे. ही रचना रिचर्ड रेटीची, १९२१ची. १९२४मध्ये न्यूयॉर्कला जगज्जेत्या कापाब्लांकाची आठ वर्षांची अपराजित मालिका खंडित करणारा तोच रेटी.

मांडणी क्षणभर नुसती न्याहाळा. काळे प्यादे वजीर व्हायला निघाले आहे आणि पांढरा राजा त्याच्या दोन पावले मागे पडला आहे. पांढऱ्याचे स्वतःचे प्यादे तर काळ्या राजाच्या तावडीतच आहे. सरळ पाठलाग व्यर्थ, हे पोरसवदा खेळाडूही सांगेल. आणि राजा निघतो कुठे? जी७, मग एफ६: प्याद्याच्या मागे सरळ न जाता तिरका, पटाच्या मध्याकडे. बांधाबांधाने वळसा घातला तर वाट लांबते, हे आपल्या पायांना पक्के ठाऊक असते. पटावरच्या राजाला मात्र हा नियम लागू नाही. एच८पासून एच२पर्यंत सरळ उतरला तरी सहा पावले, आणि ई५पर्यंत तिरका जाऊन तिथून एफ४, जी३ असा परतला तरी सहाच! वळशाचे मोल शून्य, ही चौसष्ट घरांच्या भूमितीची केवढी लोभस लबाडी!

दरम्यान काळ्याचे प्यादे एच४वर आले आणि राजा बी६वर. आता तिसरी खेळी, राजा ई५, आणि माझ्या मते साऱ्या रचनेचा प्राण इथे आहे. काव्यात श्लेष असतो तसा हा पटावरचा श्लेष: एकाच पावलाचे दोन अर्थ, आणि दोन्ही तितकेच खरे. काळ्याने सी६चे प्यादे मारले, तर राजा एफ४, मग जी३ असा पळत्या प्याद्याला एच२वर गाठतो, कारण सी६चे प्यादे मारण्याच्या नादात काळ्या राजाच्या दोन खेळ्या खर्ची पडल्या आणि हरवलेली दोन पावले पांढऱ्याला आयती परत मिळाली. न मारता काळ्याने प्यादे एच३वर ढकलले, तर राजा डी६वर स्वतःच्या प्याद्यापाशी पोचतो आणि दोघांचेही वजीर होतात. एकही मोहरा न मारता, एकही शह न देता राजाने काळ्याची दुहेरी कोंडी केली. तीही मोकळ्या मैदानात उभे राहून.

काळा अधिक हुशार निघाला आणि दुसऱ्याच खेळीला राजा न हलवता प्यादे एच३वर ढकलले, तर? पांढरा राजा ई७वर ठेवा आणि पुढचे स्वतः खेळून पाहा. त्या ओळीत पांढऱ्याचा नवा वजीर जन्मतःच शह देतो.