पत्र्याखालचं पॅरिस

मराठी प्रवासवर्णनातला माणूस उन्हातून निघतो आणि गारव्यात पोचतो. पंडिता रमाबाईंच्या ‘इंग्लंडचा प्रवास’पासून (1883) धरलं तर विलायतेच्या आपल्या वाङ्मयीन वाटेला आता एकशे चाळीस वर्षं होऊन गेली, आणि या वाटेवर हवामान म्हटलं की धुकं, बर्फ, ओव्हरकोट. अनंत काणेकरांच्या 1940 सालच्या पुस्तकाचं नावच ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’. गाडगिळांचं ‘सातासमुद्रापलीकडे’ 1959चं, पुलंचं ‘अपूर्वाई’ 1960चं. या पुस्तकांची गोडी मला आजही कमी वाटत नाही. ‘अपूर्वाई’ची सुरुवातीची पानं निघण्याच्या तयारीवर आणि लोकांच्या सल्ल्यांवर खर्च होतात, तो सगळा गमतीचा भाग वाचताना मनात एकच चित्र उभं राहतं, की आपण जातोय तिथे थंडी आहे, आणि या थंडीसाठी आपण तयार नाही. विनोद जन्मतो तो या अपुऱ्या तयारीतून.

उन्हाचं काय? मराठीत ऊन आहे, भरपूर आहे, पण ते दुसऱ्या खात्यावर जमा आहे. ते ग्रामीण कादंबरीत आहे. ‘बनगरवाडी’त पाऊस येत नाही आणि अख्खं गाव उठून जातं. ऊन म्हणजे दुष्काळ, ऊन म्हणजे शेतकरी, ऊन म्हणजे उपासमार. ऊन म्हणजे पर्यटन असं आपल्याकडे कधी झालं नाही. दुर्गाबाईंच्या ‘ऋतुचक्रा’त (1956) वैशाख दिमाखाने येतो खरा, पण तो आपला, घरचा वैशाख. परक्या राजधानीत, हातात नकाशा घेऊन, बेचाळीस अंशांत उभ्या असलेल्या मराठी माणसासाठी आपल्या गद्याने अजून वाक्य तयार केलेलं नाही. आणि असा माणूस आता दरवर्षी हजारोंनी उभा असतो.

याला एक साधं कारण म्हणजे शाळांच्या सुट्ट्या. आपण एप्रिल ते जून बाहेर पडतो. युरोपातल्या जुन्या प्रवाशांचं कॅलेंडर याच्या उलट होतं. रोम पाहायचं तर हिवाळ्यात, उन्हाळा लागला की शहर सोडायचं, हा तिथला जुना शहाणपणा होता, आणि त्यामागे मलेरियाची भीती होती. त्या भीतीने त्यांच्या साहित्यात प्रेक्षणीय स्थळाला एक काळी किनार दिली. हेन्री जेम्सची ‘डेझी मिलर’ (1878) आठवा. मुलगी रात्री कलोसियम पाहायला जाते, तिथली हवा तिला बाधते, आणि ती मरते. स्थळदर्शनाची किंमत शरीराने मोजावी लागते, हे त्या छोट्या कादंबरीत गृहीतच आहे. टोमास मानच्या ‘व्हेनिसमधील मृत्यू’त (1912) तर सिरोको वारा वाहतोय, हवा जड झालीय, शहरात कॉलरा आहे, आणि अधिकारी पाहुण्यांना काही कळू देत नाहीत, कारण पाहुणे निघून गेले तर हंगाम बुडेल. खरं काय ते शेवटी सांगतो प्रवासी कचेरीतला एक इंग्रज कारकून. ते समजल्यावरही आशेनबाख गप्प बसतो. पर्यटक हा शहराच्या लपवाछपवीत सामील असतो, ही गोष्ट मानने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवली. मराठी प्रवासवर्णनाने पर्यटकाला भाबडा दाखवला, बावळट दाखवला, रसिक दाखवला. सामील म्हणून क्वचित.

आता आकडे. ब्रिटिश हवामान खात्याच्या हिशेबात लंडनमध्ये सलग तीन दिवस 28 अंश झाले की उष्णतेची लाट. पॅरिसमध्ये इशारा देण्याचा उंबरठा तीन दिवसांच्या सरासरीने दिवसा 31 आणि रात्री 21. आपल्याकडे मैदानी भागात पारा 40 गाठेपर्यंत हवामान विभाग लाटेचा विचारही करत नाही. हे आकडे ऐकून जबलपूरचा माणूस हसतो. अठ्ठावीस? आमच्याकडे मार्चमध्ये स्वेटर धुऊन ठेवतात तेव्हा असतं ते. हे हसू मी मराठी लेखांत आणि व्याख्यानांत इतक्यांदा ऐकलंय की त्याला आता अलंकाराचा दर्जा द्यायला हरकत नाही: गोरे लोक थोड्या उन्हाने कोलमडतात, आम्ही भट्टीत वाढलो. न्यूनगंडाच्या जागी आलेला हा नवा मोठेपणा आहे. पूर्वी काटा-चमचा न जमल्याने आपण लाजत होतो, आता उन्हात टोपी न घालता फिरून आपण त्याची भरपाई करतो.

पण या हसण्यात वाचनाची एक चूक आहे, आणि म्हणून ते मला टीकेचा विषय वाटतं. 2003 सालच्या ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात फ्रान्समध्ये उष्णतेने सुमारे पंधरा हजार माणसं मेली. ती बुलेव्हारवर चालता चालता पडली नव्हती. बहुतेक वृद्ध होती, कित्येक एकटी होती, आणि पुष्कळशी घरात मेली. पॅरिसच्या जुन्या इमारतींवर जस्ताच्या पत्र्याची छपरं आहेत. एकोणिसाव्या शतकात शहराची फेरबांधणी झाली तेव्हा ती सर्रास आली: हलकी, स्वस्त, उतरत्या बांधणीला सोयीची. त्या पत्र्याच्या लगेच खाली एकेकाळी मोलकरणींसाठी बांधलेल्या इवल्या खोल्या असतात, आणि आज तिथे विद्यार्थी, स्थलांतरित मजूर, कमी पेन्शनवरचे म्हातारे राहतात. पत्रा दिवसभर तापतो आणि रात्री खोलीत उतरतो. छपराखालच्या खोलीत झोपणं हे त्या ऑगस्टमध्ये मरण्याच्या कारणांपैकी एक ठरलं, असं नंतरच्या पाहण्यांत दिसलं.

आता हेच छप्पर पर्यटकाच्या बाजूने पाहा. माँमार्त्रच्या पायऱ्या चढून वर गेलं की समोर पसरलेला तो राखाडी-निळा सागर. पोस्टकार्डावर तोच, चित्रपटात तोच, आपल्या प्रवासवर्णनांत ‘छपरांची नक्षी’ तीच. डिसेंबर 2024मध्ये युनेस्कोने जस्ताची छपरं घालणाऱ्या पॅरिसच्या कारागिरांचं कसब अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. ते कसब खरोखर मोठं आहे, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो पाहणाऱ्याच्या उंचीबद्दल. छपराकडे वरून पाहिलं की वारसा, खालून पाहिलं की तवा. प्रवासवर्णन नेहमी वरून पाहतं.

3 सप्टेंबर 2003 रोजी पॅरिसजवळच्या तियेच्या दफनभूमीत 57 जणांना पुरलं गेलं. त्यांच्या देहावर हक्क सांगायला कुणी आलं नव्हतं. राष्ट्राध्यक्ष शिराक हजर होते. रिचर्ड केलर या अमेरिकन इतिहासकाराने 2015 साली ‘फेटल आयसोलेशन’ नावाचं पुस्तक लिहिलं, त्यात तो या बेवारस मृतांचा माग काढत त्यांच्या पत्त्यांवर जातो, शेजाऱ्यांशी बोलतो. पुस्तक इतिहासाचं आहे, पण मला ते गेल्या वीस वर्षांतलं पॅरिसचं सर्वांत चांगलं प्रवासवर्णन वाटतं. त्यातही एक परका माणूस राजधानीत येतो, हातात पत्ते असतात, जिने चढतो. फक्त तो आयफेलच्या जिन्याऐवजी सहाव्या मजल्याचा जिना चढतो.

आमच्या सराफ्यातल्या एक काकू 2019च्या जुलैमध्ये मुलाकडे म्हणून गेल्या आणि तिथून पॅरिसला चार दिवस राहून आल्या. 25 जुलैला तिथे 42.6 अंश झाले, शहराचा आजवरचा उच्चांक. मी विचारलं, “काकू, लूव्र पाहिलंत का?” तर म्हणाल्या, “पाहिलं गं, पण मला विचारशील तर खोलीत पंखाच नव्हता. भिंती रात्री बारालाही तव्यासारख्या. लू नाही काही नाही, बाहेर सावलीत बरं वाटायचं, आत गेलं की जीव घाबरा. शेवटी ओला टॉवेल खिडकीला लावला, आपण इथं खसची टट्टी लावतो तसा.” काकूंनी मोनालिसाबद्दल एक वाक्यही सांगितलं नाही. ऊन ही घराच्या आतली गोष्ट आहे, हे त्यांना एका रात्रीत कळलं, कारण जबलपुरात सकाळी दहाला खिडक्या लावून पडदे ओढायचे आणि संध्याकाळी उघडायचे, हे त्यांच्या हातांना पन्नास वर्षं माहीत आहे. ज्यांच्याकडे घराची ही विद्या आहे त्या बायकांनी प्रवासवर्णनं फारशी लिहिली नाहीत. ज्यांनी लिहिली त्यांच्या मनावरही स्थळांच्या यादीचं ओझं होतंच.

आणि यादी हीच अडचण आहे. दहाला बस, पाचला परत. जुलै 2023मध्ये अथेन्सला ॲक्रोपोलिस दुपारचे काही तास बंद ठेवावं लागलं. जुलै 2025च्या पहिल्या दोन दिवसांत आयफेल टॉवरचं टोक पाहुण्यांसाठी बंद होतं. पर्यटक म्हणतो, आमची दुपार वाया गेली. पण भूमध्य समुद्राकाठच्या शहरांत आणि आमच्या गल्लीत दुपार ही वाया घालवण्यासाठीच असते. कमानिया गेटपाशी मे महिन्यात दोन वाजता उभं राहा, रस्ता ओस असतो. स्थळदर्शनाचा वेळ आणि उन्हाचा वेळ एकच, आणि या धडकेत गद्य जन्माला येऊ शकतं. पण त्यासाठी लेखकाला ‘आज काही पाहिलं नाही’ असं एक अख्खं प्रकरण लिहिण्याची हिंमत हवी.

पॅरिसला नावं ठेवताना आपलं घर विसरू नये. सराफ्यात येणारा पाहुणा खव्याची जिलबी खातो, नथ घेतो, आणि भेडाघाटला नावेत बसायला जातो. दुकानांच्या वरच्या माळ्यांवर, टिनाच्या छताखाली, कारागीर ज्योतीवर फुंकणी मारत बसलेले असतात. पंखा बंद, कारण ज्योत हलायला नको आणि सोन्याचा किस उडायला नको. तिथे बाहेरच्या 43मध्ये अजून काय मिसळत असेल याचा अंदाज करावा. आमच्या शहरावर हिंदीत आणि मराठीत लिहिलेल्या कौतुकलेखांत संगमरवर येतं, धुआँधार येतो. तो माळा येत नाही.

या शहरात एक वेगळा नमुनाही होऊन गेला. अमृतलाल वेगडांनी नर्मदाकाठ पायी तुडवला आणि हिंदीत व गुजरातीत त्याची पुस्तकं केली. परिक्रमेतल्या माणसाला दुपारी कुणाच्या तरी ओसरीवर बसावंच लागतं, पाणी मागावं लागतं, आणि मग घर दिसतं. गोनीदांची ‘भ्रमणगाथा’ही याच चालीने जाते. या चालीत लेखक कुणाच्या तरी दारात उभा असतो, आणि दार उघडणाऱ्याचा चेहरा दिसतो. तिकीट काढून आत शिरणाऱ्याला तो दिसत नाही. पॅरिससाठी ही चाल उसनी घेता येईल का, हा प्रश्न मला भाबडा वाटत नाही. सार्वजनिक नळापाशी रांगेत उभं राहिलं तरी सुरुवात होईल. पॅरिसला वॉलेसचे हिरवे नळ आहेत, रोमला नाकाच्या आकाराच्या तोटीचे, अखंड वाहणारे. आपल्या पाणपोईची ही भावंडं मराठी पुस्तकांत नुसती शोभेला येतात.

शेवटी शब्दांबद्दल, कारण माझा धंदा तोच. ‘उष्णतेची लाट’ हा इंग्रजीवरून केलेला शब्द. लाट येते, फुटते, ओसरते. त्यात समुद्रकाठची सुटका आहे. मराठीची स्वतःची क्रियापदं जास्त नेमकी आहेत. ‘मला उकडतंय’ म्हणताना मी कर्ता नसते, आणि तेच क्रियापद आपण बटाट्यांना वापरतो. काहिली, तलखी, रणरण हे शब्द कातडीला चिकटतात. पण गेल्या वर्षी एका फ्रेंच कथेचा अनुवाद करताना ‘कानिक्यूल’ या शब्दाशी अडले. तो लॅटिनमधल्या ‘छोट्या कुत्री’वरून आला, ती कुत्री म्हणजे आकाशातला तारा, आपला व्याध. म्हणजे तिथेही काहिलीला नाव ताऱ्याचं, जसं आमच्याकडे सूर्य रोहिणीत गेला की नऊ दिवस नवतपा. रोहिणी, मृग, व्याध शेजारी-शेजारी आहेत, एकाच गोष्टीतले आहेत. ‘व्याधाचे दिवस’ असं लिहून पाहिलं. सुंदर दिसलं, पण खोटं वाटलं. कारण मराठी कानाला रोहिणीनंतर मृग येतो आणि मृगानंतर पाऊस. कथेतली म्हातारी पत्र्याखाली ऑगस्टमध्ये मरते, आणि मराठीतला ऑगस्ट म्हणजे श्रावण. हिरवळ, सणवार, झोपाळे. ‘ऑगस्टची काहिली’ लिहिलं की माझा वाचक क्षणभर थबकणार, आणि संपादकांनी कडेला प्रश्नचिन्ह केलंच. मी ते वाक्य तसंच ठेवायला सांगितलं.