परिचयलेखनातील सूत्र आणि दृष्टान्त

पत्र, रोजनिशी, प्रस्तावना यांसारख्या प्रकारांची दखल मराठी समीक्षेने उशिरा घेतली, पण घेतली. लिंक्डइनसारख्या व्यावसायिक संपर्कस्थळांवर लिहिला जाणारा आत्मपरिचय हा त्याच रांगेत बसणारा एक नवा गद्यप्रकार होय. बेळगाव, इंदूर, हैदराबाद येथील आपल्या शाळांतून बाहेर पडलेली मुले पुढे कथा-कविता लिहितीलच असे नाही. परंतु आपल्या नावाने हा मजकूर मात्र त्यांतील पुष्कळजण लिहितात. अनेकांच्या बाबतीत त्यांनी प्रकट केलेले हेच एकमेव गद्य असते. म्हणून त्याचे गुणदोष पाहणे भाषाशिक्षकांना अप्रस्तुत वाटू नये.

हे स्थळ २००३ साली खुले झाले. तेथे नावाखाली येणाऱ्या परिचयाच्या ओळीला २२० अक्षरांची मर्यादा आहे. पूर्वी ती १२० होती. सविस्तर परिचयाला २,६०० अक्षरे मिळतात. स्वतंत्र लेखनाची मर्यादा एके काळी १,३०० होती, ती आता ३,००० आहे. म्हणजे मर्यादा सैल होत गेली आहे. तरीही लेखन सकस झाले असे दिसत नाही, आणि दोष जागेच्या टंचाईचा नाही हे येथेच ध्यानात येते.

या ओळीचा सर्वसाधारण नमुना असा असतो : ‘शिक्षणतज्ज्ञ | प्रेरक वक्ता | परिवर्तनाचा शिल्पकार | आजन्म विद्यार्थी’. चार बिरुदे, मध्ये तीन उभ्या रेघा, आणि क्रियापद एकही नाही. हा माणूस कोण हे चारदा सांगितले, पण तो काय करतो हे एकदाही सांगितलेले नाही. व्याकरणदृष्ट्या हे वाक्य नव्हेच. त्यामुळे ते खरे की खोटे, हा प्रश्नही त्याला विचारता येत नाही. मर्यादेने निवड करावयास लावावे ही अपेक्षा असते. येथे निवड टाळून पदव्यांची माळ ओवली जाते. दोरा लांबला की मण्यांची संख्या वाढते, इतकेच.

तारेशी तुलना केली म्हणजे हा फरक स्पष्ट होतो. भारतातील तारसेवा २०१३ साली बंद झाली; परंतु शब्दागणिक पैसे मोजून लिहिलेला मजकूर आपल्यापैकी ज्येष्ठांना आठवत असेल. तेथे विशेषणे गळत, अव्यये गळत. उरत असे ते क्रियापद. ‘निघा’, ‘पोहोचलो’, ‘पैसे पाठवा’. काटकसर करणाऱ्याने अत्यावश्यक तेवढे राखले होते. आजच्या परिचयात नेमके तेच प्रथम गळते.

मर्यादा ही आपल्या वाङ्मयाला परकी नाही. मोठ्या अभंगाचे एक कडवे सहा, सहा, सहा आणि चार अशा बावीस अक्षरांत बसते, आणि त्या चौकटीत आपल्या संतांना काहीही अपुरे पडले नाही. गद्यातील उदाहरण याहून बोलके आहे. चक्रधरस्वामींच्या वचनांचा सूत्रपाठ केशिराजांनी सिद्ध केला. पुढे त्यांच्याच दृष्टान्तपाठात सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक अशी त्रिविध मांडणी आली. सूत्र थोडक्यात सांगते; दृष्टान्त ते डोळ्यांपुढे उभे करतो; दार्ष्टान्तिक दोहोंचा संबंध जुळवून देते. सूत्राचा आखूडपणा टिकतो तो मागे दृष्टान्त उभा असतो म्हणून.

याच कसोटीवर लिंक्डइनची रचना पाहिली तर ती मुळात वाईट नाही. २२० अक्षरांची ओळ हे सूत्र आणि २,६०० अक्षरांचा परिचय ही दृष्टान्ताची जागा, असे सहज मानता येईल. प्रत्यक्षात त्या दुसऱ्या जागी पुन्हा विशेषणेच येतात : ‘निष्ठावान’, ‘ध्येयवादी’, ‘नावीन्याचा ध्यास असलेला’. सूत्राचे स्पष्टीकरण दुसऱ्या सूत्राने केल्यासारखे हे होते. दीर्घ लेखनात आणखी एक रोग दिसतो. आरंभीच्या थोड्या ओळीच दिसतात आणि उरलेला मजकूर ‘आणखी पाहा’ या शब्दांआड राहतो. त्यामुळे पहिले वाक्य हे विधान न राहता गळ होते, आणि पुढचे प्रत्येक वाक्य स्वतंत्र ओळीवर, मध्ये मोकळी जागा सोडून मांडले जाते. दिसावयास ती कविता दिसते. कवितेची कोणतीही जबाबदारी ती घेत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो वाजवी आहे. नोकरी देणारा मनुष्य तेथे शब्द टाकून शोध घेतो. तेव्हा व्यवसायाची नामे ओळीत असणे भागच आहे. हे मान्य केले तरी नामाला क्रियापद वर्ज्य आहे असे ठरत नाही. ‘नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकवतो, मागे पडलेल्यांसाठी सकाळचा वर्ग चालवतो.’ या ओळीत शोधणाऱ्याला हवे ते सारे आहे, वाचणाऱ्याला माणूस दिसतो, आणि युनिकोडच्या चिन्हगणतीने ती पाऊणशेच्या आत संपते.

गणतीचा विषय निघालाच आहे, तर मराठीवरील एका अन्यायाचाही उल्लेख केला पाहिजे. ‘मुख्याध्यापक’ या शब्दात आपला छंदःशास्त्रज्ञ पाच अक्षरे मोजील. युनिकोडमध्ये काना, उकार, हलन्ताची खूण ही सारी निराळी चिन्हे ठरतात आणि तोच शब्द बारा जागा अडवतो. मोबाईलच्या लघुसंदेशात रोमन लिपीला १६० अक्षरे मिळतात, तर देवनागरीला अवघी ७०. यंत्राचे अक्षर आणि आपले अक्षर एक नव्हे, हे विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे. तथापि या अडचणीचे निमित्त करून मराठी सोडण्याचे कारण नाही; वरील ओळ मराठीतच आहे.

सारांशलेखन आपण वर्गात शिकवतो ते दुसऱ्याच्या उताऱ्याचे. त्याबरोबर स्वतःच्या कामाचे सारांशलेखनही शिकवावे. नियम दोनच पुरेत : सूत्रात एक तरी क्रियापद असावे, आणि प्रत्येक सूत्रामागे एक घडलेला दृष्टान्त असावा. ज्याला असा दृष्टान्त देता येत नाही, त्याने ते सूत्र खोडावे. स्वतःविषयी पडताळून पाहता येईल असे एक वाक्य लिहिणे ही भाषेइतकीच नीतीचीही तालीम आहे, आणि ती देण्याचे काम भाषाशिक्षकाचे आहे.