पाच तोफा की पाच हजारांचे कर्ज?

आर्ट कॅनफिल यांनी १९७९ मध्ये टीआरएस-८० या संगणकासाठी रचलेला आणि १९८२ मध्ये ॲपल टूवर अवतरलेला ‘ताइपान!’ हा सागरी व्यापाराचा खेळ. त्याचा आरंभ लाटांवर होत नाही. पेढीचे नाव लिहून होताच एक प्रश्न समोर येतो: कर्जासह रोकड हवी, की रोकड नाही, कर्जही नाही, नुसत्या पाच तोफा?

हा प्रश्न आपण जरा जिभेवर घोळवू. रोकड पत्करली तर हाती ४०० येतात आणि हाँगकाँगच्या वू सावकाराच्या वहीत आपल्या नावे ५,००० चढतात. वर या गृहस्थांना ‘थोरले बंधू’ म्हणायचे! व्याज महिन्याला दहा टक्के, आणि एका बंदरातून दुसऱ्या बंदरी पोहोचायला लागतो महिनाच. म्हणजे शीड उभारता उभारता ५०० चढले, हातातल्या अवघ्या भांडवलाहून अधिक. नफा-तोट्याची सारी धडधड कर्त्याने या दोन आकड्यांच्या अंतरात किती अलगद साठवली आहे!

तोफांची वाट याहून खट्याळ, आणि मला तीच अधिक प्रिय. जहाजाची क्षमता ६०. प्रत्येक तोफ दहाची जागा अडवते. मालाला उरते दहाची जागा, आणि तेवढाही माल घ्यायला गाठीला दमडी नाही. भांडवल मिळवायचे ते चाच्यांनाच लुटून, मग सचोटीने व्यापार!

आता मालाची यादी न्याहाळू: किरकोळ माल, शस्त्रे, रेशीम, अफू. भावांच्या पायऱ्या जणू एकं, दहं, शतं, सहस्र. आपले ४०० पहिल्या पायऱ्यांवरच रेंगाळतात, दृष्टी मात्र सहस्रावर, म्हणजे अफूवर, खिळते. खेळातले आरंभीचे साल १८६०, दुसरे अफूयुद्ध संपले ते वर्ष. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनकडे जात असे, सर जमशेटजी जिजीभॉय यांच्या वैभवातही त्या व्यापाराचा मोठा वाटा होता. त्यामुळे ‘अफू’ हा शब्द आपल्याला तरी परका वाटत नाही. खेळ त्यावर भाष्य करीत नाही. हाँगकाँगबाहेरच्या एखाद्या बंदरात अधिकारी अचानक सगळी अफू जप्त करतात, वर दंडही ठोकतात, आणि तो तोटा कळवतानाही पडदा आपल्याला अदबीने ‘ताइपान’, म्हणजे बडे शेठ, म्हणूनच संबोधतो.