पुढचा हात: कामाची वृत्ती आणि आपलं लेखन

(लोहारा, जि. यवतमाळ येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल की कारखान्यातल्या प्रशिक्षणाचा वर्ग चुकून साहित्याच्या मांडवात शिरला. कामाच्या ठिकाणी जी वृत्ती शिकवली जाते, ॲटिट्यूड म्हणतात ती, तिने लेखन सुधारतं का, हा तो प्रश्न. आमचं उत्तर सुरुवातीलाच सांगून टाकतो. त्या शिकवणीतला बराचसा भाग लेखकाला निरुपयोगी आहे, थोडा भाग घातक आहे, आणि एकच तत्त्व असं आहे की ते मराठी लिहिणाऱ्यांनी मनावर घेतलं तर आपलं निम्मं दुखणं जाईल.

आधी निरुपयोगी भाग. 'सकारात्मक रहा', 'हसतमुख रहा', 'अशक्य असं काही नाही' हे फलक तुम्ही पाहिलेत. या विचारांची पुस्तकं मराठीत अनुवादित होऊन बसस्थानकावरच्या स्टॉलवरसुद्धा मिळतात. ही पुस्तकं वृत्ती शिकवतात, पण त्यांचं स्वतःचं गद्य तपासून बघा. गोष्ट कुणाची, कुठली, कधीची, पत्ता नाही. 'एका गावात एक माणूस होता, त्याने ठरवलं आणि तो यशस्वी झाला.' मधले कष्ट, हिशेब, उधारी, फसलेला माल, सगळं गाळलेलं. उत्साहाने वाक्य सुधारत नाही. उलट उत्साहात लिहिलेल्या परिच्छेदात विशेषणं वाढतात, हा आमचा वाचनातला अनुभव आहे.

आता कामाचं ते एक तत्त्व. काओरू इशिकावा हे जपानमधले गुणवत्ता-नियंत्रणाचे मोठे अभ्यासक. त्यांनी रुजवलेला विचार साधा आहे: कामाचा पुढचा टप्पा हाच तुमचा ग्राहक. दुकानात येणारा तो ग्राहक तर आहेच, पण तुमच्या हातून माल घेऊन पुढचं काम करणारा कामगार हा पहिला ग्राहक.

लोहाऱ्यात हे समजावून सांगायला लांब जायला नको. इथे एमआयडीसीत डेनिमचं कापड बनतं. कपाशी वेचली जाते, सरकी वेगळी होते, सूत कातलं जातं, ताण्याचं सूत निळीत रंगतं, बाणा पांढरा राहतो, मग विणाई आणि शेवटी तपासणी. यात एक गंमत आहे. सूत कुठे कच्चं राहिलं ते कातणाऱ्याला सहजी दिसत नाही. ते तुटतं मागावर, ताण पडल्यावर. कातणाऱ्याचा दोष विणणाऱ्याला भोगावा लागतो.

लेखनाचं तंतोतंत असंच आहे. वाक्य कच्चं आहे हे लिहिणाऱ्याला कळत नाही, कारण त्याला काय म्हणायचंय ते आधीच ठाऊक असतं. वाक्य तुटतं वाचणाऱ्याकडे. आणि आपल्याकडे सवय अशी की वाक्य तुटलं तर दोष वाचणाऱ्याला लावायचा: 'वाचकांची अभिरुची घसरली.'

एक नमुना घेऊ. आम्ही बनवलेलाच आहे, पण तुमच्या ओळखीचा निघेल. पाळी बदलताना नोंदवहीत कुणी लिहिलं: 'सदर यंत्रामध्ये बिघाड निदर्शनास आला असून योग्य ती दक्षता घेण्यात यावी.' व्याकरण शुद्ध आहे. पण पुढच्या पाळीचा माणूस काय करणार? कोणतं यंत्र, कसला बिघाड, दक्षता कुणी घ्यायची? आता दुसरी नोंद बघा: 'सात नंबरचा माग. ताण्याचा धागा रात्रीत तीनदा तुटला. ताण कमी करून पाहिला, फरक नाही. बीम बघायचं राहिलंय.' ही नोंद करणाऱ्याने मराठीत पदवी घेतली नसेल, पण तो चांगला गद्यलेखक आहे. काय पाहिलं, काय केलं, काय राहिलं, तिन्ही सांगितलं. काय राहिलं हे सांगायला तर विशेष प्रामाणिकपणा लागतो. आपले कितीतरी समीक्षालेख तिथेच लटके पडतात, कारण त्यात सगळं सिद्ध झालेलं असतं आणि बघायचं काहीच उरलेलं नसतं.

'करण्यात येत आहे', 'घेण्यात यावी', 'निदर्शनास आले' ही क्रियापदं कर्त्याला लपवतात. कार्यालयात त्यांचा उपयोग आहेच, जबाबदारी कुणाच्याच अंगावर येत नाही. पण तीच सवय कथेत आणि लेखात शिरते तेव्हा 'समाजात अस्वस्थता पसरली आहे' असं वाक्य तयार होतं. कोण अस्वस्थ आहे? कशाने? नाव घ्या की!

कुणी म्हणेल, हे तर जपानी कारखान्याचं शहाणपण, मराठी साहित्याला त्याचं काय? तर दासबोध उघडा. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. समर्थांनी त्यात प्रतिभेची चर्चा केलेली नाही. अक्षर वाटोळं आणि सरळ हवं, ओळी नेमक्या हव्यात, पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत हात एकसारखा दिसला पाहिजे, असं ते सांगतात. पुढे दोन सूचना आहेत, त्या आम्हाला फार मोलाच्या वाटतात. एक, पानाच्या चारी बाजूंनी जागा सोडा, म्हणजे कागदाची कड झडली तरी अक्षर झडणार नाही. दुसरी, तरुणपणी फार बारीक लिहू नका, म्हातारपणी ते उपयोगाचं नाही, मध्यम लिहा. म्हणजे लिहितानाच पुढचा हात डोळ्यांपुढे आहे. पोथी जुनी होईल तेव्हा ती ज्याच्या हाती असेल त्याची, आणि डोळे अधू झालेल्या वाचकाची, दोघांचीही काळजी. पुढचा टप्पा हाच ग्राहक, हे आपल्याकडे टाकाने लिहून ठेवलेलं होतं.

दुसरं उदाहरण गीतरामायणाचं. यवतमाळशी त्याचा एक धागा आहे: ग. दि. माडगूळकर 1973 साली यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. गीतरामायण पुणे आकाशवाणीवर 1 एप्रिल 1955 रोजी, रामनवमीला सुरू झालं. दर आठवड्याला एक गीत, वर्षभराहून थोडं अधिक काळ, एकूण 56. संगीत सुधीर फडके यांचं. आता याकडे भक्ती बाजूला ठेवून, काम म्हणून बघा. गीत वेळेवर मिळालं नाही तर संगीतकार थांबणार, गायक थांबणार, वादक थांबणार, आणि प्रसारणाची वेळ तर कुणासाठी थांबत नाही. इथे कवीचा पहिला ग्राहक संगीतकार होता.

शेवटचा ग्राहक होता श्रोता, आणि त्याची अडचण मोठी. रेडिओवर पान उलटून मागे जाता येत नाही. मागचा आठवडा चुकला तरी आजचं गीत कळलं पाहिजे. गीतं वेगवेगळ्या पात्रांच्या तोंडी आहेत; कोण बोलतंय, कुणाशी, कोणत्या प्रसंगी, हे गीतातूनच उमगायला हवं. गीतरामायणातली जी प्रासादिकता आपण वाखाणतो तिचं श्रेय कवीच्या प्रतिभेला आहेच, पण त्या कामाच्या अटींनाही आहे, असं आमचं मत. 'मुदत आली की प्रतिभा मरते' असं म्हणणाऱ्यांनी या 56 गीतांचं काय करायचं ते सांगावं.

आता तपासणीकडे येऊ. कापड तपासायची चार गुणांची एक पद्धत जगभर चालते. तीन इंचांपर्यंतच्या दोषाला 1 गुण, तीन ते सहा इंचांला 2, सहा ते नऊला 3, त्याहून मोठ्याला 4. आणि एका वारात कितीही दोष निघाले तरी चारच्या वर गुण नाहीत. हे गुण वजाबाकीचे, बरं का! यातली शिकण्याची गोष्ट म्हणजे खूण कापडावर पडते, विणकरावर पडत नाही. आणि दोष नेमका कुठे, केवढा, ते मोजून सांगावं लागतं. 'एकंदरीत कापड बरं आहे' असं म्हणून तपासनीस घरी जाऊ शकत नाही.

आपली ग्रंथपरीक्षणं या कसोटीला लावून पाहा. 'लेखकाची सामाजिक जाणीव प्रगल्भ आहे, काही त्रुटी असल्या तरी पुस्तक संग्राह्य आहे.' कुठल्या त्रुटी? कुठल्या पानावर? एकतर लेखकाची आरती होते, नाहीतर लेखकाचीच धुलाई. पुस्तक तसंच कोरं राहतं. आणि लिहिणाराही खूण दाखवली की दुखावतो. मागावरचा माणूस दुखावत नाही असं नाही, पण खूण बघायला तो मागाकडे जातो. वृत्तीतला हा फरक लेखकाने उचलावा.

हे सगळं भाषेचे चोचले वाटत असेल तर 2017 सालचा आपला जिल्हा आठवा. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसएक माणसं गेली. शेकडो दवाखान्यात होती. कारणं अनेक होती: डोक्याएवढी वाढलेली कपाशी, औषधांची मिश्रणं, अंगावर संरक्षणाचं काही नाही. केवळ लिहिण्याने हे टळलं असतं असं म्हणण्याचा उद्धटपणा आम्ही करणार नाही. पण एवढं म्हणू: त्या बाटलीवर आणि तिच्यासोबतच्या घडीच्या कागदावर मजकूर असतो. कायद्याने असतो. विषाची तीव्रता दाखवणारा रंगीत त्रिकोणही असतो. आणि तो मजकूर इतका बारीक असतो की दुपारच्या उन्हात, घामेजल्या डोळ्यांनी, पाठीवर पंप घेतलेल्या मजुराला तो वाचताच येऊ नये. लिहिणाऱ्याचा ग्राहक कोण होता? तपासणी करणारा अधिकारी. नियम पूर्ण झाला, मजकूर पोचला नाही. 'बारीक लिहू नका' ही सूचना साडेतीनशे वर्षांपूर्वीची आहे आणि ती आजही जिवाशी संबंधित आहे.

शेवटी घातक भाग. कामाच्या ठिकाणची वृत्ती म्हणून आणखीही काही शिकवलं जातं: वरच्यांना नाराज करू नका, ग्राहक राजा आहे, वाद टाळा. लेखकाने हे घेतलं तर तो संपला. जानेवारी 2019 मध्ये यवतमाळलाच 92वं साहित्य संमेलन झालं. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना बोलावलं आणि मग ते निमंत्रण मागे घेतलं गेलं. कार्यक्रम सुरळीत पार पडावा, ही व्यवस्थापनाची वृत्ती. तिचा परिणाम असा झाला की न झालेलं भाषण छापून आलं आणि ज्यांनी एरवी ते ऐकलं नसतं त्यांनीही वाचलं. उद्घाटन मग वैशाली येडे यांच्या हस्ते झालं, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या त्या पत्नी. त्या बोलल्या ते स्वतःच्या जगण्यातून, कुणाची मर्जी राखायला नाही.

तेव्हा फरक नीट ध्यानात घ्या. पुढच्या हाताची काळजी घेणं म्हणजे पुढच्याची मर्जी सांभाळणं नव्हे. विणकराला धड सूत हवं असतं, गोड बोलणं नको असतं. वाचकाला न आवडणारी गोष्ट सांगायची असेल तर ती अधिकच घट्ट विणावी लागते, कारण तो ती ओढून बघणार. कडू गोष्ट ढिसाळ लिहिली की वाचकाला ती नाकारायला निमित्त मिळतं.

तुमच्यापैकी कुणी अर्ज लिहितं, कुणी ग्रामसभेचा ठराव, कुणी बातमी, कुणी कथा. लिहून झालं की स्वतःला तीनच प्रश्न विचारा. हे आता कुणाच्या हातात जाणार आहे? त्याला यातून काय करता येईल? आणि काय राहिलंय ते मी सांगितलं का? उत्तर मिळालं नाही तर कागद पुढे देऊ नका. उद्या परत मागावर घ्या.

एवढं बोलून थांबतो. आता प्रश्न विचारा, आणि खूण कुठे करायची ते नेमकं सांगा.