एकपात्रीला गर्दी नको

बुटीबोरीच्या एमआयडीसीत शिफ्ट करणाऱ्या काही पोरांनी आपल्याच एकपात्रीवर सिनेमा करायला घेतला आहे. त्याची पटकथा वाचली आणि संतापलो. रंगमंचावर निवृत्तीच्या आदल्या रात्री एकटा ऑपरेटर मशीनशी, गेलेल्या बायकोशी, मॅनेजरशी बोलतो. पटकथेत बायको फ्लॅशबॅकमध्ये भाकरी थापते, मॅनेजर केबिनमधून ओरडतो, वर्धा रोडवर ड्रोन फिरतो. प्रेक्षकाने मनात जे उभं करायचं, ते सगळं नट लावून भरून टाकलं आहे.

दोष एकट्या या पोरांचा नाही. एकपात्री पडद्यावर न्यायची म्हणजे न दिसणारी माणसं दाखवायची, हा समज आपल्याकडे मुरला आहे. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’चा सिनेमा म्हटलं की आधी 52 नटांची यादी सुचते. लक्ष्मण देशपांडे एका माणसातून दुसऱ्या माणसात शिरायचे, त्या क्षणी प्रेक्षकही त्यांच्याबरोबर एक माणूस घडवायचा. आज संदीप पाठक तोच प्रयोग करतात तेव्हाही मौज तिथेच असते. 52 नट घ्या, उरेल तो लग्नाचा आणखी एक विनोदी सिनेमा.

प्रयोग जसाच्या तसा चित्रित करणं हेही उत्तर नव्हे. पुलंच्या प्रयोगांच्या चित्रफिती मोलाचा दस्तऐवज आहेत, सिनेमा नव्हेत. गर्दीचा मोह परदेशातही आहे. ‘शर्ली व्हॅलेंटाइन’ ही इंग्रजी एकपात्री 1989 मध्ये पडद्यावर आली ती नवरा, शेजारीण आणि ग्रीसचा समुद्र घेऊन. एकट्या बाईचं नाटक सहलीला निघालं.

याच्या उलट सुनील दत्त. 1964 च्या ‘यादें’मध्ये त्यांनी पडद्यावर स्वतःखेरीज कुणाला येऊ दिलं नाही. बाकीचे आवाज आणि सावल्यांपुरते. त्यातले काही प्रसंग आज भडक वाटतात, तरी ते धाडस पुढे फारसं कुणी उचललं नाही याचं दुःख होतं. झाँ कॉक्तोच्या ‘द ह्यूमन व्हॉइस’ची गोष्ट तर पुन्हा पुन्हा सांगावी अशी. 1930 चं नाटक. एक बाई, एक फोन, पलीकडे सोडून चाललेला प्रियकर. रोसेलिनीने 1948 मध्ये ते ॲना मान्यानीच्या चेहऱ्यावर तोलून धरलं. 2020 मध्ये अल्मोदोवारने टिल्डा स्विंटनला घेऊन जेमतेम अर्ध्या तासाचा सिनेमा केला. त्याने घर उभारलं आणि ते स्टुडिओतला सेट आहे हेही उघड दाखवलं. प्रियकराचा आवाज मात्र आपल्याला ऐकू दिला नाही. नाटकाचं नाटकपण न लपवता सिनेमा कसा होतो, ते इथे शिकावं.

आणि हे शिकायला आपल्याला परदेशी जायची गरज तरी का पडावी? गाडगेबाबा कीर्तनात लोकांना प्रश्न विचारायचे आणि समोरचे उत्तर द्यायचे. एक माणूस उभा, पण दुसरं पात्र समोर बसलेलं. सुषमा देशपांडे ‘व्हय, मी सावित्रीबाई’मध्ये समोरच्यांशी थेट बोलतात, तेव्हा त्या गप्पांत आपण ओढले जातो. उद्या कुणी त्यावर सिनेमा केला तर पुण्याचा वाडा, शेण फेकणारे सनातनी, सगळं रंगवून दाखवील आणि मुख्य गोष्ट गमावेल. तिथे कॅमेऱ्याने ऐकणाऱ्यांच्या ओळीत बसायला हवं.

सिनेमा ही दाखवण्याची कला आहे, असं मला सुनावलं जातं. मान्य. पण काय दाखवायचं? बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर गेलेली बायको कशी येते, मॅनेजरचं नाव काढताच त्याचा खांदा कसा आखडतो, हे दाखवा ना! कॅमेरा रंगमंचापेक्षा जवळ जाऊ शकतो, ही त्याची खरी मिळकत. ती सोडून तो गर्दी गोळा करतो, कारण एका नटावर दीड तास विश्वास टाकायची हिंमत दिग्दर्शकात नसते. निर्माता, बजेट, ओटीटी या सबबी नंतरच्या. एका नटाचा सिनेमा तर स्वस्तातही होतो!

म्हणून बुटीबोरीच्या पोरांना माझं स्पष्ट सांगणं आहे: बायकोला काढा, मॅनेजरला काढा, ड्रोन परत करा. तुमचा ऑपरेटर आणि चालू मशीन एवढं पुरे. ज्यांना हे कमी वाटतं त्यांनी दहा पात्रांचं नाटक उचलावं. एकपात्रीला हात लावू नये.