दुरुस्तीची नोंद कोण ठेवणार?

डिचोली तालुक्यातल्या नार्वे येथील श्री सप्तकोटेश्वराच्या देवळाचे जतनकाम पुरे होऊन फेब्रुवारी २०२३ मध्ये ते लोकांसाठी पुन्हा खुले झाले. आपल्यातले बरेच जण तिथे जाऊन आले आणि बहुतेकांचा अभिप्राय एकच होता, "छान केलंय." माझेही मत तेच आहे. देऊळ पाडून त्या जागी काँक्रीट आणि संगमरवराचे नवे बांधायचे, ही आज गावोगावची रीत. इथे तसे झाले नाही, जुनी वास्तू राखली गेली. एवढ्यासाठीही आभार मानायला हवेत.

पण "छान" या शब्दाने इतिहास अभ्यासणाऱ्याचे समाधान होत नाही. पाहताना त्याला विचारावे लागते : यातले जुने किती, नवे किती, आणि हे मला कशावरून कळावे?

सप्तकोटेश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचे दैवत, त्यांच्या बिरुदात आणि नाण्यांवर त्याचे नाव येते. मूळ देऊळ नदीपलीकडे दिवाडी बेटावर होते. पोर्तुगीज अमलात, १५४० च्या सुमारास, ते पाडले गेले. पुढे देवाची स्थापना अलीकडच्या काठावर नार्व्यात झाली. डिचोली तेव्हा पोर्तुगिजांकडे नव्हती. ती त्यांच्या ताब्यात कायमची गेली अठराव्या शतकाच्या अखेरीस, म्हणून हे देऊळ वाचले. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने ते नव्याने बांधायला घेतले गेले. प्रवेशदारावरच्या शिलालेखात शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार अशी मिती आहे, म्हणजे नोव्हेंबर १६६८.

आता हा लेख जरा अभियंत्याच्या नजरेने वाचू या. त्यात काम कोणाच्या आज्ञेने आणि कोणत्या दिवशी सुरू झाले ते आहे. आधी तिथे काय उभे होते, त्यातले काय ठेवले, गवंडी कुठले, चिरा कुठल्या खाणीचा, यातले काही नाही. म्हणाल तर तोही आपल्यासारखा आरंभाचा फलकच की! तरीही त्या एका ओळीवाचून आपल्याला देवळाचे साल सांगता आले नसते. आणि त्यात जे लिहिले नाही, त्यामुळे कुठली भिंत पहिल्या कामातली आणि कुठली नंतरच्या डागडुजीतली, हे आज नुसते डोळ्यांनी पाहून छातीठोकपणे सांगणे कठीण. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या माणसांना आपण दोष देणार नाही. त्यांच्याकडे कॅमेरा नव्हता. आपल्याकडे तो खिशात आहे.

हे मी कोणत्या तोंडाने लिहितो तेही सांगतो. १९९२-९३ साली, नोकरीत नवा असताना, एका गावच्या देवस्थानाने मला सभामंडपाची दुरुस्ती पाहायला बोलावले. गावाचे नाव लिहीत नाही, चूक माझी होती. भिंतीला ओल आली होती, गिलावा सुटत होता. मी एका दिवसात निकाल दिला : जुना गिलावा सगळा खरवडा, सिमेंटचा करा, वर ऑइलपेंट मारा. गिलाव्यावर तांबड्या रेषांची काही चित्रे होती. ओल्या चुन्यावर तांबडा थर देऊन तो कोरायचा आणि आतला पांढरा चुना दाखवायचा, अशी ती कावी कला. मला तेव्हा हे नावही ठाऊक नव्हते. मी फोटो काढला नाही, माप घेतले नाही, खपलीसुद्धा ठेवली नाही. काम झाल्यावर एका आजींनी विचारले, "बाबा, मोर खंय गेलो?" मी हसून वेळ मारून नेली.

चार-पाच पावसाळ्यांतच भिंत पुन्हा ओली झाली, पहिल्यापेक्षा जास्त. कारण साधे आहे. आपला चिरा सच्छिद्र असतो, तो पाणी पितो आणि उघाडीत सोडतो. चुन्याचा गिलावा त्या पाण्याला बाहेर जायला वाट देतो. सिमेंट आणि ऑइलपेंट ती वाट बंद करतात. पाणी आत कोंडते, क्षार साठतात, आणि चिराच आतून भुसभुशीत होऊ लागतो. जुने गवंडी शिंपल्यांचा चुना भिजवून, मळून, त्यात गूळ घालून वापरत. आम्ही त्याला अडाणीपणा समजलो. भिंतीचे पुढे काहीतरी करता येईल. मोर मात्र गेला तो गेलाच. आणि तो होता याचा पुरावा म्हणजे त्या आजींची आठवण, आता त्याही नाहीत.

१९६४ साली व्हेनिसमध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी जतनकामाची एक सनद केली. तिच्यातल्या तीन गोष्टी मला फार पटतात. जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनर्बांधणीने थांबावे. नवा भाग जुन्याशी जुळावा, पण नवा म्हणून ओळखू यावा. आणि कामाची सविस्तर नोंद, चित्रे आणि फोटोंसह, सार्वजनिक संस्थेत अभ्यासकांना पाहता येईल अशी ठेवावी. पहिल्या दोन अटींवर वाद घालता येईल. पूजाअर्चा चालू असलेल्या देवळात ठिगळ दिसावे, हे भाविकाला कसे रुचेल? तिसऱ्या अटीला मात्र कुणाचीच हरकत नसावी. तिला खर्चही फारसा नाही.

पेडण्यात हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. शापोरा नदीकाठचा हळर्णचा किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांचा. १७४६ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने तो घेतला आणि त्या विजयाबद्दल त्याला त्याच गावाच्या नावाची सरदारकी मिळाली. आमचे हळर्ण लिस्बनच्या सरदारघराण्याचे नाव होऊन बसले. तेरेखोलचा किल्लाही भोसल्यांचा, मग पोर्तुगिजांचा. आत चर्च आहे. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी तिथे तिरंगा फडकवला, आणि पुढे त्याचेच हॉटेल झाले. असा किल्ला "पूर्ववत" करायचा म्हणजे कुठल्या सालचा? एक साल निवडले की बाकीच्यांवर गिलावा चढतो. सगळे थर ठेवायचे, तर कुठला दगड कुठल्या थरातला हे लिहून ठेवण्यावाचून दुसरा उपाय नाही.

२०२२-२३ च्या गोवा अर्थसंकल्पात पोर्तुगीज काळात पाडलेल्या देवळांच्या पुनर्बांधणीसाठी २० कोटी रुपयांची तरतूद झाली. त्यामागची भावना मी समजू शकतो. पण पाडलेल्या देवळाचा नकाशा हाती नसेल, तर बांधू ते आपल्या मनातले देऊळ असेल. जुन्या जागेवर चौथऱ्याचे दोन दगड उरले असतील, तर ते दोन दगड मोजून, जपून दाखवणे हे मला जास्त मोलाचे वाटते.

म्हणून जतन झालेल्या प्रत्येक वास्तूसाठी माझी मागणी छोटी आहे. आवारात किंवा अग्रशाळेत एक भिंत द्या. तिच्यावर कामाआधीचे आणि नंतरचे फोटो, बदललेला भाग वेगळ्या रंगात दाखवलेला नकाशा, काढलेल्या गिलाव्याचा एक तुकडा, चुन्याचे प्रमाण आणि गवंड्यांची नावे असावीत. उद्घाटनाची पाटी त्याच्या शेजारी खुशाल लावा.

सरकारने करेपर्यंत आपण वाट पाहायचे कारण नाही. जुन्या देवळांच्या भिंती आपल्या घरच्या आल्बमांत आहेत. मुंजीत, लग्नात, जत्रेत सभामंडपात काढलेल्या फोटोंत माणसांच्या मागे काय दिसते ते एकदा बघा. पेडणे आणि डिचोलीतल्या सभासदांनी असे फोटो मंडळाकडे आणून द्यावेत, साल आणि गाव मागे पेन्सिलीने लिहून. स्कॅन करून मूळ प्रत परत करण्याची जबाबदारी माझी. आमच्या त्या गावातल्या घरांतही मी आता जाऊन विचारणार आहे. एखाद्या नवरदेवाच्या खांद्यामागे मोर सापडेलही.