नमस्कार आणि होकार

गेल्या पाडव्याची गोष्ट. माझे वडील शहाऐंशी वर्षांचे आहेत. आई गेल्यापासून ते आमच्याकडे, नेरुळला असतात. त्यांना ओवाळून झाल्यावर मी मुलीला म्हणाले, "आजोबांच्या पाया पड." ती हळूच म्हणाली, "त्यांनी तुला बारावीनंतर शिकू दिलं नाही ना? मग मी का पडू?" मी सवयीने उत्तर दिले, "ते मोठे आहेत." ती पाया पडली, पण ती माझ्यासाठी. वडिलांना कमी ऐकू येते. त्यांनी समाधानाने आशीर्वाद दिला.

माझ्याच उत्तरातल्या 'मोठे' या शब्दावर मी पुढे कितीतरी दिवस अडून राहिले. मराठीत माणूस वयाने मोठा असतो आणि योग्यतेनेही मोठाच असतो. 'लहानथोर' म्हणताना आपण केवळ वय मोजतो, 'थोर पुरुष' म्हणताना कर्तृत्व. शब्द मात्र एकच. 'वडील' म्हणजे बापही आणि वयाने जास्त असलेला कोणीही. भाषेनेच वय आणि थोरवी अशी एका गाठीत बांधल्यावर ती सोडवायची कोणी? "माझे केस काही उन्हात पांढरे झालेले नाहीत," हे वाक्य ऐकत मी वाढले. वादात पुरावा मागितला की केस दाखवायचे, अशी ही रीत.

मी पदवीधर नाही. ग्रंथालयांत बसून जे वाचले तेवढेच माझे भांडवल. त्या भांडवलावर मी हा प्रश्न मराठी नाटकांना विचारून पाहिला, कारण घरातली भांडणे आपण सर्वांसमोर मांडतो ती फक्त रंगमंचावर.

पहिले नाटक अर्थातच गोविंद बल्लाळ देवल यांचे 'संगीत शारदा', १८९९ सालचे. पंचाहत्तरीचा श्रीमंत भुजंगनाथ, पैशांसाठी मुलगी द्यायला तयार झालेला बाप कांचनभट, आणि कोवळ्या वयाची शारदा. म्हाताऱ्या नवरदेवाला सबंध सभागृह हसले, अजूनही हसते. म्हातारपणाची इतकी उघड टर उडवूनही हे नाटक मराठी घरांनी डोक्यावर घेतले, ही गोष्ट 'आपल्या संस्कृतीत वयाचा मान राखतात' असे सरसकट म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.

पण माझे लक्ष दुसरीकडे गेले. हे लग्न मोडते कशाने? मुलगी नको म्हणते म्हणून नाही, नवरा म्हातारा आहे म्हणूनही नाही. वधूवर सगोत्र निघतात, म्हणून मोडते. पुढे जीव द्यायला निघालेल्या शारदेला कोदंड वाचवतो, तेव्हाही त्या दोघांच्या विवाहाला शंकराचार्यांची संमती लागते. म्हणजे एका वडीलधाऱ्याला अडवायला देवलांना त्याहून वडील असे शास्त्र आणावे लागले. हा मी देवलांचा दोष मानत नाही; प्रेक्षकांना बरोबर घेऊन जायचे तर १८९९ मध्ये दुसरी वाट फारशी नव्हतीच. मात्र वडीलधाऱ्याला नुसते 'नाही' म्हणण्याची सोय त्या रंगमंचावर नव्हती, याची नोंद आपण करायला हवी. तीस वर्षांनी, १९२९ मध्ये, बालविवाहाला प्रतिबंध करणारा कायदा झाला. तो हरबिलास सारडा यांच्या नावाने ओळखला जातो. मराठी तोंडी मात्र तो सहज 'शारदा कायदा' झाला. आडनावाच्या त्या अपभ्रंशात नाटकाची आठवण मिसळली असावी, असे मला वाटते.

१९५७ मध्ये पु. ल. देशपांडे यांनी 'तुझे आहे तुजपाशी'त दोन वडीलधारे समोरासमोर उभे केले. आचार्यांचा धाक आणि काकाजींचा जिव्हाळा. वयाचा मान दोघांनाही सारखाच मिळायला हवा होता. पण तरुण मंडळी आचार्यांपुढे अवघडतात आणि काकाजींपाशी मन मोकळे करतात. काकाजींना आदर मिळतो, कारण ते तो मागत नाहीत. नाटकाच्या शेवटी आचार्यांना आपल्या रितेपणाची कबुली द्यावी लागते, आणि गंमत अशी की त्या कबुलीनंतरच ते आपल्याला प्रथमच जवळचे वाटतात.

आणि मग 'नटसम्राट'. १९७० साल. याच वर्षी सिडको स्थापन झाली आणि आमच्या या शहराचा कागदावर जन्म झाला. दोन खोल्यांत आईवडिलांना कुठे ठेवायचे हा प्रश्न ज्या पिढीसमोर उभा राहणार होता, तिच्यासाठी वि. वा. शिरवाडकरांनी जणू आधीच हे नाटक लिहून ठेवले. मी त्याचा एक प्रयोग वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात पाहिला. सभागृहात हुंदके होते. रडणाऱ्यांत बहुतेक माझ्या वयाचे, म्हणजे स्वतः कोणाची तरी मुले असलेले लोक होते.

या नाटकाचा अर्थ आपण फार सोपा करून घेतला आहे: मुले कृतघ्न, बाप बिचारा. पण संहिता नीट वाचली तर अप्पा बेलवलकर बिचारे नाहीत. ते हट्टी आहेत, बेफाम आहेत, दुसऱ्याच्या घरात आपलाच दरबार भरवणारे आहेत. मुलांची चिडचिड शिरवाडकरांनी खोटी ठरवलेली नाही. अन्याय होतो तो मुलीच्या घरी, चोरीचा संशय घेतला जातो तेव्हा. तो अन्याय आहे, कारण अप्पांनी चोरी केलेली नाही. ते वयस्कर आहेत म्हणून नव्हे. विशीतल्या नोकरावर असा आळ घेतला असता तर तोही तेवढाच अन्याय झाला असता. आणि शेवटी अप्पांना आसरा देतो तो बूटपॉलिश करणारा राजा. त्याचे त्यांच्याशी काहीच नाते नाही, तो त्यांचे काही देणे लागत नाही.

बेलवलकरांच्या चुकीवर कायद्याने उपाय काढला तो २००७ मध्ये. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या कायद्यातील २३व्या कलमानुसार, सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि ती अट पाळली नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरवता येते. मात्र अट हवी. अप्पांसारखे भाबडेपणाने सर्वस्व वाटून टाकणाऱ्याला हे कलम सहजी तारणार नाही. न्यायाधिकरण मुलांकडून महिन्याला दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च देववू शकते. अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाणी हे सगळे त्यात येते. साठी उलटलेला माणूस स्वभावाने कसा होता, हे कायदा विचारत नाही. विचारूही नये.

इथे मला माझी गाठ सुटल्यासारखी वाटली. 'मान' या एका शब्दाखाली आपण तीन वेगळ्या गोष्टी मागतो: सांभाळ, होकार आणि आदर. सांभाळ वयाला मिळायलाच हवा, विनाअट. वागणुकीचा हिशेब करून औषध द्यायचे नसते. होकार कोणत्याच वयाचा हक्क नाही. भुजंगनाथाने आणि कांचनभटाने मागितला तो होकार होता, मान नव्हे. आणि आदर? तो काकाजींसारखा मिळाला तर मिळतो. वय त्याला वेळ देते, हमी देत नाही.

मुलीला वाटते की सांभाळायचे तर आदर हवाच. माझ्या वडिलांना वाटत आले की आदर म्हणजे होकार. दोघेही एकाच शब्दाने फसले आहेत.

यातून वागायचे कसे, हे मला लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त सापडले. सोवळ्याओवळ्याने सारे घर वेठीला धरणाऱ्या वडिलांबद्दल त्या किती मोकळेपणाने लिहितात! काही लपवत नाहीत, सूडही घेत नाहीत. घडले ते घडले म्हणून सांगतात आणि आपल्याला हसवतात. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईने १९३४ पासून मराठी वाचकांना शिकवले की वडीलधाऱ्यांविषयी खरे बोलणे म्हणजे त्यांचा अपमान नव्हे.

या गणपतीत मी धीर करून वडिलांच्या कानाशी मोठ्याने म्हणाले, "दादा, तुम्ही मला शिकू दिलं नाहीत, ते चुकलंच." ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "पैसे नव्हते असं नाही." एवढेच. माफी नव्हती ती. पण केसांचा पुरावाही त्या दिवशी त्यांनी दिला नाही. मी त्यांची संध्याकाळची गोळी काढून हातावर ठेवली.

यंदा पाडव्याला मी मुलीला काही सांगणार नाही.